हात न लावणारे परबसर

गोव्यातल्या मुळगावात आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहायचो. वडील सावंतवाडीकडून खाणीवर कामाला आलेले, आई लोकांच्या शेतात राबायची. दारावरून खनिजाचे ट्रक जायचे आणि ताटापासून उशीपर्यंत सगळ्यावर लाल धूळ बसायची. दोघांनाही सही येत नव्हती. मी दहावीत गेले तेव्हा वडिलांनी सांगून टाकलं, "धावी झाली काय पुरे."

त्या वर्षी म्हापशाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी रेडिओवर आवाज पाठवणारं यंत्र करायला घेतलं. लाकडी फळी, बॅटरी, ट्रान्झिस्टर आणि पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार. वडील म्हणाले, "म्हापशाक तां यंत्र सगळ्यांसमोर बोललां, तर कॉलेजचा बघूया." माझं पुढचं शिक्षण त्या फळीवर येऊन बसलं.

आणि मार्गदर्शक कोण, तर परबसर. पेडण्याहून म्हापशाला बस बदलून डिचोलीच्या आमच्या शाळेत यायचे. गोव्याला वेगळं राज्य हवं आणि भाषा कोकणी की मराठी, अशा घोषणा भिंतीभिंतीवर रंगवलेल्या होत्या तेव्हा. सर मात्र शिकवायचे मराठीत आणि रागवायचे कोकणीत. विद्यार्थ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम. दोन्ही हात बगलेत खुपसून उभे राहायचे. "यंत्र कोणाचें गो बाय? तुजें. मागीर हांव कित्याक हात लावूं?"

माझं यंत्र संध्याकाळी घरी झकास चालायचं. शेजारच्या रेडिओवर माझा आवाज यायचा. सकाळी शाळेत नेलं की मुकं. दुपारच्या सुट्टीनंतर पुन्हा बोलायचं. मी सरांना म्हणायची, "काय बिघडलंय ते सांगा ना." ते विचारायचे, "सांजेपासून सकाळमेरेन कितें बदललें?"

"काहीच नाही, सर."

"कितेंय बदललां. सोद."

सरांचा दुसरा नेम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, उपयोग झाला नाही तर जुनी परत जोडायची, मगच दुसरी. बॅटरी बदलली. ट्रान्झिस्टर बदलला. नवीन नळी करून तार पुन्हा गुंडाळली. पुन्हा सकाळी मुकं. प्रदर्शन जवळ आलं आणि हे गृहस्थ बगलेत हात घालून बघतायत. मी फळी त्यांच्या टेबलावर आपटली आणि म्हटलं, "तुम्हालाच येत नसेल."

ते रागावले नाहीत. "यंत्रांतलें सगळें बदललें," म्हणाले. "आतां तुजें घर उरलां."

रविवारी खरंच आले. चहाचा कप घेऊन आईला विचारलं, "वयनी, हें रातचें खंय दवरतात?"

आई खुशीत म्हणाली, "चुलीकडे, भाताच्या टोपाबरोबर. धूळ बसात म्हणान वर वलो फडको घालतंय. रोज."

जेवणावर घालतात तसा ओला फडका. पुठ्ठ्याची नळी रात्रभर ओल पिणार, सकाळी यंत्र मुकं पडणार आणि दुपारपर्यंत नळी सुकली की पुन्हा बोलणार. मी आईवर ओरडणार, तोच सर म्हणाले, "तिच्यार तापूं नाका. तिणें तुजें यंत्र जेवणाबरोबर दवरलां."

मग मला म्हणाले, "आतां कितें करतलें?"

मी विचार करून म्हटलं, "नळीला मेण लावते. आत ओल जायला नको."

"लाय मगे," म्हणाले. तेव्हासुद्धा मेणबत्ती मीच वितळवली.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी मुद्दाम आईला ओला फडका घालायला लावला. सकाळी म्हापशाला हॉलच्या दुसऱ्या टोकाला वडील रेडिओ धरून उभे राहिले. मी माइकवर म्हटलं, "बाबा, आयकाक येता?"

वडील रेडिओकडेच बघून मोठ्यानं म्हणाले, "येता गो, येता." आजूबाजूचे हसले. सर भिंतीला टेकून उभे होते, हात बगलेत.

परबसर आता नाहीत. त्यांच्यावर मी पुष्कळ वैतागले होते, आणि आठवलं की अजूनही वैतागते. बक्षीस दुसऱ्याच शाळेला गेलं. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली.