जमादारांची शिपाईभरती

माझ्या काळात जमादारांची चपराक खाल्ल्याशिवाय आमच्या ठाण्याच्या म्युनिसिपालिटीत कोणी जकात नाक्याचा शिपाई झाला नाही. उमेदवार समोर आला की जमादार त्याला नाव विचारायचे, गाव विचारायचे, आणि तो बापाचं नाव सांगत असतानाच फाडकन कानाखाली वाजवायचे. जो रडकुंडीला आला तो घरी. ज्याने उलट मारलं तोही घरी. दुसऱ्या चपराकीला जो मुकाट्याने त्यांचं मनगट धरील, त्याला पट्टा आणि काठी मिळायची. मी तिथे कारकून. माझी नेमणूक साहेबांनी अक्षर बघून केली, म्हणून माझे गाल वाचले.

साहेब या भरतीवर कुरकुरत, पण नाक्यावर जाऊन उभं राहायची त्यांची छाती नव्हती. गवताच्या आणि भाताच्या गाड्या जकातीसाठी अडवल्या की गाडीवान आसूड काढत. एका शिपायाचा डोळा त्यात गेला होता.

"काठी टेकायला दिलीय, हाणायला न्हाई," हे जमादारांचं पालुपद. त्याला कारण होतं. त्यांनीच पूर्वी नेमलेल्या एका शिपायाने आसूड खाऊन उलट काठी घातली. गाडीवान जागीच मेला आणि शिपाई काळ्या पाण्यावर गेला. त्याची म्हातारी आई अधूनमधून कचेरीच्या पायरीवर येऊन बसे. ती आली की जमादार मागच्या दाराने निघून जात. चपराकीची परीक्षा तेव्हापासूनची.

बाळकुमचा दगडू त्या परीक्षेत पहिल्यांदा साफ नापास झाला. मिठागरावरचं काम सुटलेलं, घरात चार तोंडं, आणि अंगात राग असा की त्याने जमादारांचा ओठच फोडला. आम्हाला वाटलं, आता याला फौजदाराकडे देणार. जमादार रक्त पुसत म्हणाले, "सोमवारी परत ये. तोवर बायकोची बोलणी खा, म्हंजे गिळायची सवय व्हईल." तो दोन सोमवार येऊन मार खाऊन गेला. तिसऱ्या सोमवारी त्याने त्यांचं मनगट धरलं. जमादारांनी त्याला पट्टा स्वतः बांधला. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

जकात वाढली त्या हंगामात एका सकाळी मी पावत्या तपासायला नाक्यावर होतो. गाडीवान जमावाने आले. आमचे शिपाई शिकवल्याप्रमाणे एकेकाचे हात धरून उभे राहिले. पण माणसं पुरेनात. मोकळ्या राहिलेल्या एका गाडीवानाने जुवाची शिवळ, बैलाच्या मानेशेजारची ती लाकडी खुंटी, उपसली आणि जमादारांच्या गुडघ्यावर घातली. ते कोसळले. दुसरा घाव बरगडीवर बसला. दगडूने धरलेला माणूस ढकलून दिला, धावत आला आणि दोन्ही हातांनी काठी उचलली. गाडीवानाचं डोकं त्याच्या अगदी पुढ्यात होतं.

"दगडू, टाक ती काठी!" जमादार खालून ओरडले. तोंडातून रक्त येत होतं. "टाक म्हणतो ना! पोरं हायत तुला!"

दगडूने काठी टाकली आणि गाडीवानाचा हात धरायला झेप घेतली. पण त्याआधीच तिसरा घाव जमादारांच्या डोक्यावर बसला होता.

तो गाडीवान पकडला गेला. त्याचं पुढे काय झालं हे सांगण्यात मला रस नाही. जमादारांनी दुपारी इस्पितळात प्राण सोडला, शुद्धीवर न येता. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही. एकदा, फक्त एकदा, त्यांनी गप्प बसायला हवं होतं.

दगडू इस्पितळाच्या ओट्यावर बसला होता.

"रावसाहेब, मी काठी टाकाला नको व्हती."

"टाकलीस म्हणून आज घरी पोरांबरोबर जेवशील," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "जेवन जाईल का?"