आत्याची बोली राक्षसांच्या तोंडी

आत्या आज सकाळी गेली. दुपारी तिचा फोटो एका कादंबरीच्या जाहिरातीच्या पोस्टमध्ये होता.

किळस आली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मंगरूळपीरजवळ आत्याचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या मळ्यातलं माणूस वळून बघायचं.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक लेखक आला. फँटसी कादंबरी लिहीत होता. नवं राज्य, नवे लोक, सगळं कल्पनेतलं. त्यासाठी त्याला "अस्सल ग्रामीण रेफरन्स" हवा होता.

आत्याच्याच घरी राहिला. ती बोलायची, तो मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. मधेच तापानं फणफणला, तर आत्या मळा सोडून त्याच्या उशाशी बसली.

मग पुस्तक आलं. मीच तिला वाचून दाखवलं.

राजधानीतले लोक शुद्ध मराठी बोलतात. जंगलात एक टोळी आहे, माणसं खाणारी. त्यांच्या बायकांचे हात गोंदलेले.

आणि त्या म्हणतात, "मले भूक लागली. त्याले काप."

आत्यानं विचारलं, "हे आपल्यावानी काहून बोलून राह्यले वं?"

मी पुस्तक मिटलं.

वाशीमला प्रकाशन झालं. लेखकानं तिला स्टेजवर बोलावलं. "ही आमच्या टोळीची खरी प्रेरणा. आजी, तो डायलॉग म्हणा ना."

लोक हसायला तयारच बसले होते.

आत्यानं माइक घेतला.

"या पोराले माह्या घरी ताप आलता. मी म्हनलं, भेऊ नको बापा, उतरते ताप. तेबी मी याच बोलीत म्हनलं. ते नाई लिवलं यानं."

माइक ठेवला. मला म्हणाली, "चाल, गाडी निघून जाईन."

बसमध्ये ती रडली.

त्यानंतर परक्या माणसाशी बोलताना ती आवाज बारीक करून, अडखळत "मला", "तुम्हाला" म्हणायची. बँकेत. दवाखान्यात. शेवटच्या आजारात पोट कुठं दुखतं ते सांगतानासुद्धा आधी शब्द जुळवायची.

हे मला सगळ्यात जास्त झोंबतं.

अशी पुस्तकं मी आवडीनं वाचते. कल्पनेतलं जग कुठूनतरी घ्यावंच लागतं, कळतं मला. घ्या ना आमचं. पण आमचे हात, आमची बोली राक्षसांना, आणि माणुसकी तेवढी राजधानीला?

आज त्या लेखकाला फोन केला.

"अहो, ती श्रद्धांजलीच आहे. खाली नव्या भागाची लिंक आहे म्हणून तुमचा गैरसमज होतोय."

"पोस्ट डिलीट कर. मी फोन धरून आहे."

केली. सॉरी म्हणाला नाही. मीही वाट पाहिली नाही, घरात बाया जमल्या होत्या.

आत्या, सुखानं जा.

आता तुले जसं येते तसंच बोल.

तुही भाची, मीना