डोळे झाकून हॉलंड

मी मुळातच भित्रा माणूस. फटाक्याला, कुत्र्याला आणि मोठ्या भावाला मी या वयातही भितो. पण त्या फेब्रुवारीत परंदवडीच्या आमच्या पॉलिहाउसवर जी भीती वाटली तिच्यापुढे हे काहीच नाही. आणि ती वाटली कशाची, तर स्क्रीनवरच्या एका हिरव्या रेघेची. रेघ पुढे सरकायलाच तयार नव्हती.

आमचं पॉलिहाउस गुलाबाचं. चौदा फेब्रुवारीच्या आधीचे आठ-दहा दिवस ही आमची सुगी. गुलाब परदेशी जायचा तर कळी घट्ट मिटलेली हवी. उमललेलं फूल दिसायला कितीही देखणं असो, पेटीत त्याला जागा नाही. म्हणून ऊन चढायला लागलं की बाजूचे प्लास्टिकचे पडदे वर गुंडाळून आतली गरम हवा बाहेर काढावी लागते. ते काम मोटरी करतात आणि मोटरींना हुकूम देतो शेडमधला कॉम्प्युटर. तेवढा कॉम्प्युटर माझ्याकडे, बाकी सगळं दादाकडे.

दादा त्या दिवशी वडिवळ्याला साखरपुड्याला निघाला होता. गाडीत बसता बसता म्हणाला, "दुपारपतूर येतो. कशाला हात लावू नगंस." मी मान डोलावली, आणि गाडी वळणाआड गेल्याबरोबर हात लावला. महिनाभर स्क्रीनवर सूचना येत होती की अपडेट घ्या, नाहीतर धोका आहे. धोका हा शब्द दिसला की मला स्वस्थ बसवत नाही. भित्र्या माणसाच्या हातून धाडस घडतं ते असं.

अपडेट कुठून आणायचं, असं प्रोग्रामने विचारलं. खाली सर्व्हरची यादी होती. एकाच मालाच्या नकला देशोदेशी ठेवलेल्या असतात, आपण जवळची उचलायची. मुंबई यादीत वरच होती. पण आमच्या घरात एक कुळाचार आहे, हॉलंडचं ते चांगलं. रोपं तिकडच्या जातीची, पहिलं प्लास्टिक तिकडचं, छाटणी शिकवायला आलेला पाहुणाही तिकडचा. "हॉलंडचं म्हंजी डोळं झाकून घ्यायचं," हे दादाचं दर हंगामाचं वाक्य. मी खाली खाली सरकत हॉलंड शोधलं आणि निवडलं. वर स्वतःवर खूशही झालो.

तेव्हा आठ वाजले होते. रात्रीच्या गारठ्यामुळे पडदे खालीच होते. अपडेटने आधी जुना प्रोग्राम बंद केला आणि मग नव्याचे तुकडे आणायला सुरुवात केली. वीस मिनिटं लागतील म्हणालं. साडेनऊला रेघ पावपर्यंत आली. दहाला तिथेच. बाहेर ऊन चढत होतं आणि आतला तापमापक अडतीसवर गेला होता.

प्रोग्राम बसवून देणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "हॉलंड कशाला घेतलंत हो? एक तुकडा मागायचा, निरोप तिकडे जाणार, उत्तर इकडे येणार, मग दुसरा मागायचा. असे हजारो आहेत. आता मध्येच बंद करू नका, नाहीतर मशीन उठायचंच नाही." म्हणजे वाटीभर साखर हवी आणि दर चिमटीला लोणावळ्याला जाऊन यायचं. पॅनलवर मोटरी चालवायचं वेगळं बटण होतं, पण ते पावसाळ्यात जळालेलं. बदलायचं काम माझंच होतं. दादा आला की काय सांगायचं याची मी मनातल्या मनात तालीम करत होतो.

तेवढ्यात कळ्या तोडणाऱ्या बायकांची मुकादम मावशी डोक्यावरचा पदर सोडवत शेडमध्ये आली.

"आरं, पडदं का उघडंना? आत लय तापलंय. कळ्या सैल पडाय लागल्यात."

मी रेघेकडे बोट दाखवलं. तिने रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्ये थांबलंय, तर हँडल मार की."

"हँडल कुठंय, मावशी?"

पूर्वी पडदे त्या हँडलने हातानेच गुंडाळायचो, पण मोटरी बसल्यापासून मी त्याला हातही लावला नव्हता. मावशी मात्र लावायची. दर दसऱ्याला अवजारांच्या पूजेत ती ते मुद्दाम मांडायची, पुसायची, हळदकुंकू वाहायची. मी तिची टिंगल करायचो, की मावशी, पेन्शनीत निघालेल्याची कसली पूजा करता? आता तीच खतांच्या पोत्यांमागून ते घेऊन आली. कुंकू अजून लागलेलं होतं.

पॉलिहाउसचे तीन भाग, त्यांतल्या पहिल्याचा पडदा आम्ही दोघांनी वर घेतला. दुसऱ्याला बाकीच्या बायका धावून आल्या. तिसऱ्याचा दांडा गंजला होता, तो काही केल्या फिरेना. मी लटकलो, लाथा घातल्या, हाताची सालं निघाली. शेवटी विळ्याने प्लास्टिक फाडलं तेव्हा बारा वाजून गेले होते.

तिसऱ्या भागात गुलाब उमलले होते. एका ओळीत नाही, सगळ्या ओळींत, लालभडक, मोठे, पाकळ्या मागे टाकलेले. इतकं सुंदर पॉलिहाउस मी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यातलं एकही फूल पेटीत जाणार नव्हतं.

दादा एक वाजता आला. अंगात साखरपुड्याचा पांढरा शर्ट होता. फाटलेलं प्लास्टिक बघत तो आत गेला आणि ओळीओळीतून चालत राहिला. मी पाठोपाठ. ओरडेल, मारेल, सगळ्याची माझी तयारी होती. मी काही लपवलं नाही. अपडेट, यादी, मुंबई, हॉलंड, जळकं बटण, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मुंबई हुती म्हणतोस?"

"व्हय. वरच होती."

त्याने एक उमललेलं फूल खुडलं. मग हळूच म्हणाला, "म्या बी हॉलंडच घेतलं असतं."

त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. तोवर मी निदान एवढं धरून होतो, की मी चुकलो तरी घरात एकाला कळतं.