सानूला कसं झोपवायचं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. या ग्रुपवर मी बरेच दिवस आहे, पण खरं सांगते, इथले अनुभव मी टाइमपास म्हणून वाचायचे आणि रात्री जेवताना नवऱ्याला सांगून हसायचे. आमच्या गल्लीच्या तोंडावर कुणी उतारा टाकला असला तर बायका लांबून वळसा घालतात, मी सरळ ओलांडून शाळेला जाते. त्यामुळे आज हे लिहायला बसले तर माझा मलाच राग येतोय... पण कुठेतरी सांगायला हवं.

आम्ही सोलापूरचे. भवानी पेठेत घर, आणि नवी पेठेत नवऱ्याचं, प्रशांतचं, लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान. माझं माहेर मंगळवेढा. घराजवळच्याच एका नर्सरीत मी टीचर आहे. आता मुद्द्याचं सांगते — मी प्रशांतची दुसरी बायको. पहिली गिरिजा, अक्कलकोट तालुक्यातली, माहेरी कानडी बोलणारी माणसं. तापाचं निमित्त झालं आणि गेली. तिची मुलगी सानू तेव्हा रांगतही नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नुकती धरून धरून चालायला लागली होती, आता अडीच वर्षांची आहे.

मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? हॉलमध्ये तिचा फोटो, त्याला रोज ताजा हार. शेजारणी येणार, माझ्या हातचा चहा पिणार आणि गिरिजाच्या शेंगाचटणीची आठवण काढणार. चटणी तीच की हो, शेंगा त्याच, पण माझी म्हणे "जरा वेगळी लागते". तेही चाललं असतं. पण सानूला घरच्यांनी शिकवलं होतं ते असं — फोटोकडे बोट दाखवून "आई", आणि माझ्याकडे बोट दाखवून "मम्मी". पोरीचं ढुंगण धुणारी मी, भरवणारी मी, आणि आई कोण, तर भिंतीवरची! एवढं बोलून मी कुणाशी भांडले नाही, पण रोज आतून जळत होते.

आणि झोपेचा विषय तर विचारूच नका. नर्सरीत दुसऱ्यांची पोरं मी एका ओळीत झोपवते. घरी सानू माझ्याजवळ डोळा मिटायची नाही. अंगाई म्हणा, थोपटा, खांद्यावर घेऊन फिरा... किंचाळून घर डोक्यावर घ्यायची आणि शेवटी आत्याबाईंच्या — म्हणजे माझ्या सासूबाईंच्या — पायांवर जाऊन पडायची. तिथेही पाऊण-पाऊण तास कुरकुर चालायचीच, पण झोपायची.

आमच्याकडे अजून एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिली बायको वारलेली असली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा टाक घालतात. सोन्याच्या पातळ पत्र्यावर बाईची आकृती, नखाएवढी. लग्नातच आत्याबाईंनी तो माझ्या गळ्यात बांधला. म्हणजे भिंतीवर ती, सगळ्यांच्या तोंडी ती आणि माझ्या गळ्यातही तीच.

तर या हिवाळ्यात माझ्या डोक्यात ट्रिप आली. मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. पोरांना चित्रातला निळा समुद्र दाखवून शिकवते, इतकंच. ठरवलं की नाताळच्या सुट्टीत गाडीने कोकणात जायचं. मी, प्रशांत आणि सानू, तिघंच. या ट्रिपमध्ये कुणाची आठवण नको, कुणाची तुलना नको, जे काही होईल ते पहिल्यांदा माझ्याबरोबर होईल. आत्याबाईंना घाट लागतो, त्या येणार नव्हत्याच. मी झपाटल्यासारखी प्लॅनिंगला लागले. मंगळवेढा, सांगोला, मिरजवरून कोल्हापूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी गगनबावड्याचा घाट उतरून देवगडच्या बाजूला. सानूसाठी उलटीचं औषध, पॉटी सीट, कानटोपी, मुगाच्या खिचडीचं पीठ, गाडीत कंटाळली तर स्टिकरचं पुस्तक. माझ्या शाळेतल्या एका पालकांनी तिकडच्या एका घरगुती होमस्टेचा नंबर दिला. तो मी फोनमध्ये सेव्ह केला, घरी कुणाला दिला नाही. सगळं पक्कं करून प्रशांतला दाखवायचं होतं.

प्रशांतला प्लॅन आवडला. लग्नसराई असूनही दुकान चार दिवस बंद ठेवतो म्हणाला. मी खूश होतेय तोवर मोबाइलमधला नकाशा बघता बघता तो सहज बोलून गेला, "गिरिजालाही समुद्र बघायची लई हौस होती गं. राहूनच गेलं तिचं."

झालं. माझ्या ट्रिपवर पण तिचं नाव लागलं.

त्यात आत्याबाईंनी मोडता घातला. "आगं, तुज्याजवळ डोळा मिटत न्हाय ती. तितं परक्या घरात रडून रडून ताप भरंल की लेकराला. गिरिजा असती तर गोष्ट येगळी हुती." प्रशांतही लगेच फिरला. म्हणाला, "आधी हितं तुझ्याजवळ झोपव, मग बुकिंग कर. नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू." म्हणजे मला माझ्याच पोरीबरोबर जायला परीक्षा.

त्या रविवारी दुपारी मी देवघरासमोर बसून गळ्यातला टाक काढला. आत्याबाईंना म्हटलं, समुद्राच्या पाण्यात पडला-बिडला तर, म्हणून घरीच ठेवते. त्या चपला घालून देवळात गेल्या. खरं कारण माझं मला माहीत होतं. टाक डबीत ठेवला, आणि घरात कुणी नाही बघून मोठ्याने म्हटलं, "तू थांब आता घरी. पोरीचं मी बघते." बोलून फार बरं वाटलं. झाकण लावलं आणि धुणं वाळत घालायला गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी त्या होमस्टेला फोन लावला. परीक्षा पास व्हायची तेव्हा होऊ, खोली तरी विचारून ठेवावी म्हणून. तिकडून एका काकूंनी उचलला. मी म्हटलं, सोलापूरहून बोलतेय, आम्ही तिघं, लहान मुलगी आहे...

"हो हो, सानू ना? तुमच्या घरातून फोन येऊन गेला सकाळीच," काकू म्हणाल्या. "भात मऊ पाहिजे, दुधात साखर नको, सगळं सांगितलंय त्या बाईंनी. आणि हो, ते झोपायचंही माझ्या लक्षात आहे. थोपटायचं नाही तिला. पालथी निजवायची, तळपायावर अंगठ्याने गोल गोल फिरवायचं आणि 'मलको, मलको' म्हणायचं. बरोबर ना?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. डोकं सणकलं होतं. आत्याबाई! माझ्या पाठीमागे फोन करून मला शिकवतात काय? आणि इतके महिने पोर झोपवायची खूण माहीत असून मला एका अक्षराने सांगितली नाही?

शाळा सुटल्यावर तणतणत घरी गेले. सानू पेंगुळली होती, नेहमीप्रमाणे माझ्याकडे येईना. आत्याबाई दळण आणायला गेल्या होत्या, म्हणून तिला दुसरा इलाज नव्हता. मी तिला उचलून गादीवर पालथी घातली. रडायला तोंड उघडलंच होतं तिने. मी तळपायावर अंगठा फिरवला आणि म्हटलं, "मलको... मलको..."

सानूचं तोंड उघडंच राहिलं. रडली नाही. मान वळवून माझ्याकडे बघायला लागली, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी. मग गाल उशीला टेकवला आणि झोपली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला रडू आलं. आनंदाने रडले म्हणाल, तर नाही हं. जे मला एवढ्या खटपटीने जमलं नव्हतं ते कुणाला तरी आधीपासून येत होतं, याचं रडू होतं ते.

आत्याबाई आल्या. मी फणकाऱ्यानेच विचारलं, की होमस्टेला फोन कशाला केलात?

"कुटं केला? मला तर नाव बी ठावं न्हाय त्येचं." त्या झोपलेल्या सानूकडे बघतच राहिल्या. "कशी झोपली गं ही?"

मी मलको म्हणून सांगितलं. त्यांनी दळणाची पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, मलको म्हणजे कानडीत झोप. पण गिरिजा सानूला कशी झोपवायची हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ती दार लावून घ्यायची, पोरीला दृष्ट लागते म्हणून कुणाला आत येऊ द्यायची नाही. प्रशांत त्या वेळी दुकानात. त्याला विचारलं तर तोही म्हणाला, मला काय माहीत? तरी त्याने गिरिजाच्या भावाला अक्कलकोटकडे फोन लावला. त्यांना आमच्या ट्रिपचं काही माहीतच नव्हतं, होमस्टेचा नंबर तर लांबच. आणि गिरिजा पोरीला कशी झोपवायची हे त्यांच्या घरातही कुणाला सांगता येईना. मी काकूंना परत फोन करून विचारलं, सकाळी आलेला नंबर सांगता का? तर त्या म्हणाल्या, आमचा वायरचा साधा फोन, त्यावर नंबर कुठला दिसतोय?

माझ्या फोनमधलं मी दहा वेळा तपासलं. सकाळी माझ्याकडून कुठलाच कॉल गेला नव्हता.

आत्याबाईच म्हणाल्या, "जावा आता. झोपती की तुज्याजवळ." आम्ही गेलो.

वाटेत सानूला दोनदा उलटी झाली, सांगोल्याजवळ स्वेटर बदलला, घाटात मस्त झोपली. माझ्या मांडीवर, तळपाय माझ्या हातात. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या गावात पोचलो. पुढे नारळाची झाडं, मागे पाण्याचा आवाज. काकू बाहेर आल्या, सानूचा गाल ओढला, आणि गाडीत वाकून बघत म्हणाल्या, "त्या नाही आल्या ना?"

"कोण?"

"फोन केला होता त्या. जरा कानडी हेल होता बोलण्यात. फार गोड बोलल्या हो. म्हणाल्या, मला काही यायला जमायचं नाही, मी घरीच आहे. सानूला घेऊन तिची आई येईल, झोपवायचं कसं, तेवढं तिला सांगा. तिला माहीत नाही, आणि ती कुणाला विचारायची नाही, जरा मानी आहे."

प्रशांत डिकीतून बॅग काढत होता. त्याच्या हातातून ती खाली पडली.

मी काकूंना दोनदा विचारलं, नक्की 'तिची आई' म्हणाल्या का? हो, अगदी तसंच, म्हणाल्या त्या. "तुम्हीच ना आई?" मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर हो म्हटलं. मग सानूला कडेवर घेतलं आणि तशीच किनाऱ्याकडे चालत गेले. समुद्र चित्रातल्यासारखा निळा नव्हता, मातकट होता. सानू टाळ्या पिटत होती. मला खरं तर सुखावून जायला हवं होतं. पण मनात काय आलं सांगू? की हेसुद्धा हिनेच द्यायचं का मला? सगळ्या घराने जे दिलं नाही ते मी भांडून, झगडून मिळवणार होते. ते तिने एका फोनमध्ये देऊन टाकलं, आणि वर मला मानी म्हणाली.

त्यानंतर घरी मला कुणी काही म्हटलं नाही. सानूला आई म्हणायला मीच शिकवलं, आत्याबाईंनी हरकत घेतली नाही. झोपवायची दुसरी एखादी पद्धत सापडते का, माझी स्वतःची, ते अजून शोधतेय. काही केल्या सानूला चालत नाही. रोज तळपायावर अंगठा आणि मलको, मलको.

तर्क सगळे करून झालेत. राँग नंबर म्हणावा तर सानूचं नाव कसं कळलं? कुणी चेष्टा केली म्हणावी तर ती खूण कुणाला माहीत होती? तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन. फक्त खाली कमेंटमध्ये "किती मोठ्या मनाची होती बिचारी" असं कुणी लिहू नका. ते मला कळलंय. आणि मला सहन होत नाही ते तेवढंच.