दारातली लेझीम

गुडघ्याच्या व्यायामासाठी मी ज्या केंद्रात जाते, तिथे कंपवाताचे एक काका येतात. सपाट जागी ते बरे चालतात, पण दार आलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. काकू त्यांना ओढत नाहीत. शेजारी उभ्या राहून शाळेतल्या लेझमीसारखे आकडे म्हणतात, "एक, दोन, तीन, चार," आणि काकांचा पाय उचलला जातो.

शाळेत लेझमीचा तास मला वाया गेल्यासारखा वाटायचा. तेवढ्या वेळात चार गणितं झाली असती. हुकूम न ऐकणारे पाय ताल मात्र ऐकतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

काल काकू रिक्षा थांबवायला पुढे गेल्या आणि काका दारात अडकले. मी मागेच होते.

"हात देऊ का?"

"नको. हिने पाहिलं तर उद्यापासून मला एकट्याला कोपऱ्यावरसुद्धा सोडणार नाही. आकडे म्हणा."

मला गाण्यातलं काही कळत नाही, पण चारपर्यंत मोजता येतं. मोजले.

"फार घाई करता हो ताई. लेझीम आहे ही, गाडी नाही पकडायची."

मग मी सावकाश म्हणू लागले. दुसऱ्या खेपेला, चारवर, त्यांचा उजवा पाय उंबऱ्याबाहेर पडला. पुढचे आकडे ते स्वतःच म्हणत रिक्षाकडे गेले. मी मागून निघाले, तर माझी लंगडी पावलंही त्यांच्याच आकड्यांवर पडत होती.