अण्णा आणि कार्टूनचे नंबर

मी चित्रकलेचा शिक्षक. त्यामुळं कार्टूनचा सिनेमा कुठला चांगला आणि कुठला भिकार, हे आमच्या घरात मला विचारून ठरत असावं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गेली. ती घालवायला माझे वडील चंदगडहून पाय मोडून घेऊन कोल्हापूरला आले.

अण्णांनी जन्मभर एसटी चालवली. चंदगडचा पाऊस, धुकं, घाटातली वळणं, समोरून लाकडं भरून येणारे ट्रक, सगळ्यांतून गाडी सुखरूप आणली. एक अपघात नाही की एक चार्जशीट नाही. आणि रिटायर झाल्यावर घरामागच्या उतारावर काजूच्या वाळल्या पाल्यावरून घसरले. घोट्याच्या वरचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, पाय उशीवर. आईला म्हटलं, तूही ये. ती फोनवर म्हणाली, "म्हशीला कोण बघणार? ह्यांना बघायला तुम्ही हायसा की."

तर अण्णा आमच्या हॉलमधल्या दिवाणावर पडले. समोर टीव्ही होता आणि टीव्हीचा रिमोट माझ्या मुलीच्या हातात होता. तिची नुकतीच चौथी संपली होती. सुट्टीत रोज संध्याकाळी एक कार्टूनचा सिनेमा बघायचा आणि सुट्टी संपेपर्यंत जगातला सगळ्यात चांगला कुठला ते शोधून काढायचं, असा तिचा बेत होता. माझ्याकडून तिनं कार्डशीट घेतला, फ्रिजवर चिकटवला आणि नियम सांगितले. घरातल्या चौघांनी दहापैकी मार्क द्यायचे, बेरीज करून नंबर लावायचा.

"मी लिहितो," ती म्हणाली. आमच्याकडं मुलीही 'लिहितो, जातो, येतो' असंच म्हणतात. "आणि पप्पा, तुमचं अक्षर चांगलं असलं तरी मीच लिहितो."

अण्णांनी पेपर तोंडावर धरला. "मला धरू नगा त्यात. पोराटकीचं काम हाय ते."

पहिला सिनेमा लाडू करणाऱ्या हत्तीचा होता. गावातले सगळे त्याला हसतात, मग जत्रेत त्याचेच लाडू खपतात, असं काहीतरी. अर्ध्या तासानं माझं लक्ष गेलं, तर पेपर नाकाखाली आला होता. जत्रेच्या प्रसंगात तो पोटावर होता. सिनेमा संपल्यावर मुलीनं आमचे मार्क घेतले आणि अण्णांना विचारायचं तिनं मुद्दाम टाळलं. ती फ्रिजकडं निघाली तसा मागून आवाज आला.

"चार."

"तुम्ही तर खेळत नव्हता ना, आजोबा?"

"न्हाईच. पर चार. हत्तीनं एकदाबी हात धुतलं न्हाईत."

त्या दिवसापासून अण्णा परीक्षक झाले आणि आमचं कुणाचं काही चाललं नाही.

माझी बायको शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या क्वालिटी विभागात आहे. दिवसभर ती ओतलेलं कास्टिंग उलटंपालटं करून पास की रिजेक्ट ठरवते, आणि घरी आल्यावरही तिचा हात तसाच चालतो. दीड तासाच्या आत संपला तर सिनेमा पास. वर गेला तर रिजेक्ट, मग त्यात कुणी कितीही रडो. माझे मार्क रेषेवर, रंगावर, सावल्यांवर. मी मार्क देताना दोन वाक्यं कारण सांगायचो. दुसऱ्या आठवड्यापासून मुलगी म्हणायला लागली, "पप्पा, नुसता आकडा."

अण्णांचं गणित वेगळं होतं. सिनेमात प्राणी असो, राक्षस असो की परी, कामाला कसं आहे हे ते बघायचे. टपाल वाटणाऱ्या कासवाचा एक सिनेमा होता. ते कासव एक पत्र पोचवायला डोंगर चढतं, पूर येतो, पत्र भिजू नये म्हणून पाठीवरच्या कवचात ठेवतं. अण्णा उठून बसले. पाय खाली सोडू नका म्हणून मी ओरडलो, तर मलाच गप्प केलं.

"डबल ड्युटी करालंय बिचारं," ते म्हणाले. "ओव्हरटाइम तरी मिळतोय का तेला?"

दहापैकी दहा. आईचा रोज संध्याकाळी फोन यायचा. त्या दिवशी पायाचं काही सांगायच्या आधी त्यांनी तिला कासवाची अख्खी गोष्ट सांगितली. पलीकडून आईनं एवढंच विचारलं, "औषध घेतलासा का?"

गाणी म्हणणाऱ्या साळिंदर राजकन्येला त्यांनी एक दिला. "हिचं राज्य कोण चालवतंय? सकाळपासनं गातच हाय." वीज पडायला घाबरणाऱ्या ढगाला सात. "घाबरतोय पर रजा टाकत न्हाय."

आता माझं दुःख सांगतो. बरीच वाट बघून, सगळे खुशीत असताना, मी माझा आवडता सिनेमा लावला. हातानं रंगवलेला, जलरंगांतला, एकही संवाद नसलेला. एक बगळा तळ्यात उभा आहे. ऋतू बदलतात, पाण्याचा रंग बदलतो, बगळा उभाच आहे. या सिनेमाच्या निळ्या रंगावर मी वर्गात आख्खा तास बोललो आहे. पंधरा मिनिटं घर शांत होतं. मला वाटलं, पोचला.

मग अण्णा म्हणाले, "ह्यो मासा कवा धरणार?"

"अण्णा, तो मासा धरण्यासाठी उभा नाहीये."

"मग कशाला उभा हाय?"

बायको म्हणाली, "रंकाळ्यावर गेलो असतो तर खरा दिसला असता, वर भेळ झाली असती." मुलीनं मला वाईट वाटू नये म्हणून तीन मार्क दिले, अण्णांनी शून्य, बायकोनं दोन. माझे दहा धरूनसुद्धा बगळा यादीत तळाला गेला. वर्गातली मुलं माझ्या तासाला काय सोसत असतील, याचा विचार मी त्या दिवशी प्रथमच केला.

पण माझा बगळा तळाला फार दिवस राहिला नाही. त्याच्याही खाली अण्णांनी एक सिनेमा घालायला लावला आणि त्यावरून घरात भांडण झालं.

तो एका म्हाताऱ्या पिवळ्या बसचा होता. डोंगरातल्या एका गावची बस, पुढच्या दिव्यांचे डोळे, बोलते, खोकते. तिला भंगारात काढतात. शेवटी गाड्या चेपायचं यंत्र तिच्यावर येणार एवढ्यात गावातली मुलं येऊन गाणं म्हणतात, बसचे डोळे उघडतात, ती भिंत फोडून बाहेर पडते आणि डोंगर चढून गावात येते. मुलगी रडत हसत होती. तिनं दहा दिले. बायको घड्याळ बघून, सिनेमा दहा मिनिटं जास्त असूनही, आठ म्हणाली. मीही आठ दिले.

"शून्य," अण्णा म्हणाले. "डिझेल कुणी घातलं?"

"आजोबा, ते मुलांच्या गाण्यानं—"

"गाण्यावर इंजान चालत न्हाय. बॅटरी काढून ठेवत्यात आधी. टायर काढत्यात. स्क्रॅपला गेलेली गाडी गेली. पोरांस्नी खोटं कशाला सांगायचं? शेवटचा नंबर घाल तेला."

"बेरजेनं दुसरा येतोय."

"मग माझं नाव खोड त्यातनं."

आवाज चढला होता. मुलीनं पेन टाकलं आणि आत गेली. जेवताना ती अण्णांच्या शेजारी बसली नाही. मी अण्णांना हळूच म्हटलं, "लहान आहे ती. दोन मार्क दिले असते तर काय झालं असतं?" त्यांनी भाकरी अर्धी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत वह्या घेऊन बसलो होतो. मुलगी हॉलमध्ये जमिनीवर चित्र रंगवत होती. अबोला चालूच होता. बऱ्याच वेळानं अण्णांचा आवाज आला. नेहमीसारखा मोठा नव्हता.

"माझी बी एक गाडी हुती."

मुलीचं रंगवणं थांबलं नाही, पण खडू हळू चालायला लागला, एवढं मला दारातून दिसलं.

अण्णा सांगत गेले. एकच गाडी आठ वर्षं त्यांच्याकडं होती. थंडीत ती पहिल्यांदा चालू व्हायची नाही, तिसऱ्यांदा व्हायची, आणि ही गोष्ट फक्त त्यांना माहीत होती. मग तिची वर्षं भरली. कोल्हापूरला वर्कशॉपला नेऊन सोडायची ऑर्डर आली. दुसरा कोणीतरी नेणार होता. अण्णांनी साहेबाला सांगितलं, मी नेतो.

"रिकामी गाडी घेऊन आलो. स्टॉपवर माणसं हात करत हुती. थांबता येईना. वर्कशॉपला लावली, किल्ली दिली. सीटवरची माझी उशी तेवढी काढली. मागं वळून बघितलं न्हाय."

"मग परत कसं गेलात?" मुलीनं विचारलं. अबोला तिच्या लक्षात राहिला नाही.

"एसटीनंच. पॅसेंजर म्हणून. खिडकीला बसलो. त्या रस्त्यावर मी कवाच मागं बसलो नव्हतो, बाय. प्रत्येक वळणाला पाय ब्रेकला जाई, आणि पायाखाली ब्रेकच न्हाय. घाट लागला आणि मला ओकारी आली."

"तुम्हाला?"

"मला! आठ वर्षं त्याच घाटात मी लोकांस्नी वरडत हुतो, खिडकीतनं डोकं भाईर काढा म्हणून. कंडक्टर वळखीचा. त्यानं पिशवी दिली आणि पोचायच्या आधी सगळ्या डेपोला सांगितलं. महिनाभर मला कुणी चहा दिला न्हाय, लिंबू देत हुते."

मुलगी लोळून हसली. अण्णाही हसले. मी वह्या ठेवल्या आणि बाहेर आलो. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. मी हिशेब लावला. ते कोल्हापूरला बस घेऊन आले तेव्हा मी इथंच होतो, हॉस्टेलवर, चित्रकलेचा डिप्लोमा करत. वर्कशॉपपासून चालत येता आलं असतं.

"अण्णा, मग मला भेटायला का आला नाही?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "उशी हातात घेऊन हॉस्टेलवर कुठं येऊ?" ते म्हणाले. "पोरं तुला हसली असती."

त्या वर्षी आपला बाप घरून फार फोन करत नाही, याचा मी मित्रांपुढं राग काढला होता, ते मला आठवलं.

मुलगी उठून फ्रिजपाशी गेली आणि तिनं पेन उचललं. मग तिनं पिवळ्या बसचं नाव दुसऱ्या नंबरवरून खोडलं. एकदा सगळ्यात वर लिहिलं आणि एकदा सगळ्यात खाली.

"वरचा माझा, खालचा आजोबांचा," ती म्हणाली.

संध्याकाळी बायको कामावरून आली आणि तिनं हरकत घेतली. एकच माल पासही आणि रिजेक्टही, असं तिच्या खात्यात कधी झालेलं नव्हतं. मुलीनं तिला सांगितलं की हे फौंड्रीचं खातं नाही. अण्णा कौतुकानं म्हणाले, "बोलतीया कशी बघ," आणि त्या रात्री भाकरी एक जास्त खाल्ली.

त्यानंतर मी शहाणपणा करायला गेलो. अण्णांना पटेल असा त्या सिनेमाचा शेवट मी रंगवून दाखवतो, असं जाहीर केलं. वर्कशॉप, ओळीनं उभ्या गाड्या, एक माणूस उशी काखेत घेऊन चाललाय. दोन दिवस खपलो. सावल्या चांगल्या जमल्या होत्या. अण्णांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "गाडीचा दरवाजा उलट्या अंगाला काढलायस." मुलीनं ते चित्र मायेनं कपाटात ठेवलं, म्हणजे कुणाला दिसू नये अशा ठिकाणी.

शाळा सुरू व्हायच्या आधी प्लास्टर निघालं. अण्णा काठी घेऊन चालायला लागले आणि घरी जायची घाई करायला लागले. मुलगी म्हणाली, एक सिनेमा थिएटरात बघायचाच. लग्न ठरलेल्या ऑक्टोपसचा नवा सिनेमा लागला होता. आठ हातांपैकी अंगठी नेमकी कुठल्या हातात घालायची, असा प्रश्न होता. मॉलच्या सरकत्या जिन्याला अण्णांनी नकार दिला, लिफ्टनं वर गेलो. खुर्ची मागं झुकते हे त्यांना कळलं आणि सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं व्हायच्या आत ते झोपले. मध्यंतराला उठले, मक्याच्या लाह्या खाल्ल्या, लाह्या खारट आहेत म्हणाले आणि पुन्हा झोपले. लग्न झालं तेव्हा घोरत होते.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मुलीनं मार्क मागितले. बायको म्हणाली, "दोन तास पाच मिनिटं. चार." मी आकडाच सांगितला, सहा.

"नऊ," अण्णा म्हणाले.

"आजोबा, तुम्ही झोपलेला!"

"व्हय की. पॅसेंजर झोपला म्हणजे ड्रायव्हर चांगला असतोय."

मुलीनं त्यांच्याकडं रोखून बघितलं. ते खरंच गंभीर होते. मग ती माझ्याकडं वळली आणि विचारलं, हे नियमात बसतं का. चित्रकलेचा शिक्षक म्हणून माझं मत तिनं मागितलं, तो त्या सुट्टीतला हा एकच प्रसंग. मी बसतं म्हणालो.