महिपतच्या पायांचे काटे

देवरुखात महिपतला बसलेला असा कोणी पाहिला नव्हता. चहा उभ्याने, विडी चालताना. "टेक रे जरा," म्हटलं तर टेकायचा, पण टाचेने समोरचं अंगण उकरत राहायचा. खऱ्या अर्थाने तो बसायचा एकाच ठिकाणी: झाडाच्या शेंड्याला, फांदीला टांग मारून. घरांवर कललेली झाडं फांदी-फांदी करत खाली उतरवायची, कौल फुटू द्यायचं नाही, हे त्याचं काम.

पण सन दोन हजारच्या पावसाळ्यात तो एका फणसावरून घसरला आणि छातीची सालटं काढून खाली आला. गुडघेही कुरकुरायला लागले होते. बायको सगुणाने जाहीर केलं, "पायाला काटे मिळतील तेव्हाच झाडावर. नायतर मे महिन्यात विनोद येतोय, त्याच्यासंगती मुंबैला." विनोदच्या, म्हणजे मुलाच्या, मुंबईतल्या खोलीत खाट होती, टीव्ही होता. नव्हतं फक्त झाड. महिपतला त्या खाटेचीच धास्ती बसली.

हे काटे म्हणजे नडगीला बांधायची लोखंडी पट्टी, तळव्याखालून जाणारा तिचाच आडवा तुकडा, आणि आतल्या अंगाला निघालेलं तिरकं अणकुचीदार टोक. खोडात रुतवत चढायचं. जित्या झाडाला भोकं पाडायची नाहीत, पण तोडायच्याच झाडाला काय?

तो पहिल्यांदा चिपळूणला गेला. दुकानदाराला म्हणाला, "काटे दाखवा. टिकाऊ."

"साधे की बॅटरीवाले?"

"बॅटरी कशाला? माझंच वजन घेतलं म्हंजे झालं."

दुकानदाराने खालून वजनाचा मोठा काटा ओढून पुढे ठेवला आणि म्हणाला, "व्हा उभे." महिपत तसाच एस्टी स्टँडवर आला.

मग देवरुखच्या शिवा लोहाराने सळईचे बनवून दिले, ते वाकले. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे बनवले, ते महिपतने घरात मधल्या खांबावर चढून बघितले. एक टोक खांबातच मोडून राहिलं. "आता घर पन तोडा!" सगुणा ओरडली. तिने त्यावर पिशवी अडकवली, म्हणून तेवढा काटा तरी कामाला आला.

शेवटी पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत राहणाऱ्या मेहुण्याने, रामाने, कुठूनसे विजेच्या लाकडी खांबावर चढायचे जुने काटे आणून दिले. पोलाद असं, की शिवाने हातोडी मारून बघितली आणि हातोडीच तपासली. आता आनंदीबाईंचा आंबा. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या परसातला वठलेला रायवळ गोठ्यावर कलला होता, आणि मिरगाच्या आत तो उतरवायला हवा होता. महिपत पुरुषभर चढला, आणि कळवळत उतरला.

"ह्ये पन वाईट! तळव्यात घुसतंय."

"पायात काय घातलंयस?" बाईंनी विचारलं.

"काय नाय."

"बूट घाल की! हे बुटावरच बांधतात."

महिपत असा बघत राहिला, जणू बाईंनी त्याला देवळात बूट घालून जायला सांगितलं. झाडावर वहाण घालून चढायचं? त्याच्या बापाने नाही, आज्याने नाही. इतके दिवस तो लोखंडाला शिव्या घालत होता, आणि आता खोट निघाली उघड्या तळव्यात.

त्यानंतर त्याचा पाय कुठे ठरेना. आंब्याभोवती फेऱ्या, बाजारात फेऱ्या, बुटांच्या दुकानासमोरून तर इतक्या, की दुकानदार नोकराला म्हणाला, "गल्ल्यावर लक्ष ठेव." विनोदचा फोन आला, शनिवारी पोचतो.

"लोखांड चालतं आनि कातडं नाय?" सगुणाने विचारलं.

"लोखांड हत्यार हाय गो. कातडं म्हंजे वहाण."

"मग वहाण घालून मुंबैला चला."

शुक्रवारी सकाळी महिपतने आंब्याच्या बुंध्याशी कोरे करकरीत बूट मांडले. पुढे नारळ. हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, आजपातुर तुझ्या अंगावर वहाण चढवली नाय. आता पाय म्हातारे झाले. तर ह्ये बूट नव्हंत, माझं पायच हायत, असं समजून घे!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही शेजारी ओरडलो. आनंदीबाईही ओरडल्या, आणि मग चष्मा पुसायला लागल्या.

तो चढला. ठक्, ठक्, ठक्. बूट हलला नाही, काटा वाकला नाही. दोराने कंबर खोडाला बांधून त्याने वरच्या फांदीला कोयता घातला. आणि मग सगळं थांबलं.

"काय झालं ओ?" सगुणा घाबरली.

"डावा पाय सुटत नाय! लय रुतलाय!"

"मग ऱ्हावा उभे! लग्न झाल्यापास्नं पयल्यांदाच एका जागी गावलाव!"

वर तो खदखदून हसला, आणि त्या हिसक्यानेच काटा सुटला. दुपारपर्यंत शेंडा खाली आला, गोठ्याचं एक कौल हललं नाही. शनिवारी विनोद पिशवी घेऊन बाईंच्या परसात शिरला, तेव्हा बाप मधल्या फांदीवर होता.

"बाबा, खाली या! दोन तिकिटं काढलीत!"

"आयशीला ने, मुंबै दाखव," वरून आवाज आला. "आनि बाजूला हो, फांदी येत्येय!"